बाइंडिंग कोणतं करायचं, हे टायपिंगच्या आधी ठरवा

सांगलीत झेरॉक्सच्या कुठल्याही दुकानात जाऊन "बाइंडिंग करायचंय" म्हटलं, की समोरून पहिला प्रश्न येतो, "स्पायरल की हार्ड?" प्रश्न बरोबर आहे, पण तो फार उशिरा विचारला जातो. तोवर अहवाल टाइप झालेला असतो, प्रिंट काढून झालेल्या असतात आणि डावीकडे जेमतेम पाऊण इंच मार्जिन सुटलेलं असतं. तेवढ्या जागेत स्पायरल बसतं. हार्ड बाइंडिंग, म्हणजे शिवून वर पुठ्ठा चढवलेलं, केलं तर ओळीची सुरुवात शिवणीच्या घडीत जाते आणि वाचणाऱ्याला दोन्ही हातांनी पान दाबून धरावं लागतं. मग सगळं परत प्रिंट करायचं किंवा जे बसेल ते घ्यायचं. दोनशे पानांच्या पाच प्रती हातात असल्या की माणूस जे बसेल तेच घेतो.

बाइंडिंगचे प्रकार पुष्कळ आहेत आणि प्रत्येकाचे गुणदोष सांगणारे तक्तेही मिळतात. पण तक्ता पाहून निवड होत नाही. निवड होते ती समोरच्या माणसावरून. हे कागद कोणाच्या टेबलावर जाणार? तो ते हातात धरून वाचणार की टेबलावर सपाट पसरून? त्याला मधलं पान काढून स्कॅन करावं लागणार, की मधलं पान कोणालाही काढता येऊ नये अशी त्याची अपेक्षा आहे? हे कागद सहा महिन्यांनी रद्दीत जाणार की वीस वर्षांनी कोणी कपाटातून काढणार? या प्रश्नांची उत्तरं अहवाल लिहायला बसण्याआधीच माहीत असतात. म्हणून बाइंडिंगही तेव्हाच ठरवता येतं.

पान काढता यावं की येऊ नये?

मी सगळ्यात आधी हे विचारतो. यावरून अर्धे प्रकार आपोआप बाद होतात.

न्यायालयात आणि सरकारी कार्यालयांत जाणारे कागद अजून बहुतेक वेळा लेसनं किंवा टॅगनं बांधले जातात. वरवर जुनाट वाटतं, पण त्यामागं कारण आहे. फाईल वाढत जाते, नवा अर्ज आला की जोडायचा असतो, झेरॉक्स किंवा स्कॅनसाठी पानं सुटी करायची असतात. अशा ठिकाणी कौतुकानं पक्कं बाइंडिंग करून नेलं तर कारकून पहिल्यांदा ते उसवतो. सर्वोच्च न्यायालयानं २०२० मध्ये लीगल कागदाऐवजी ए-फोर कागद, तोही दोन्ही बाजूंनी छापलेला, स्वीकारायचं ठरवलं. त्या सूचनेत डावीकडे आणि उजवीकडे, दोन्हीकडे ४ सेंटिमीटर मार्जिन सांगितलं आहे. कागद दोन्ही बाजूंनी छापला की पुढच्या पानाची शिवण डावीकडे येते आणि त्याच कागदाच्या मागच्या पानाची उजवीकडे. दोन्हीकडे जागा सोडली असेल तर कुठल्याच पानावरचं काही शिवणीत अडकत नाही. हे तत्त्व फक्त न्यायालयापुरतं नाही. तुमचा अहवाल दोन्ही बाजूंनी छापायचा असेल तर वर्डमध्ये 'मिरर मार्जिन' निवडा, म्हणजे शिवणीकडची जास्तीची जागा आळीपाळीनं डावीकडे आणि उजवीकडे जाईल.

याच्या उलट टोकाला निविदा आणि करारनामे. निविदा आता ऑनलाइन भरल्या जातात, तरी काम मिळाल्यावर कराराचे संच होतात, आणि काही ठिकाणी तांत्रिक कागदपत्रं प्रत्यक्षही मागतात. अशा अटींमध्ये पुष्कळदा 'सुटे कागद आणि स्पायरल चालणार नाही, सर्व पानांना क्रमांक आणि सही हवी' असं लिहिलेलं असतं. स्पायरलचं टोक पकडीनं सरळ केलं की पूर्ण कॉइल फिरवून बाहेर काढता येते, एक पान बदलून परत घालता येते आणि कोणाला पत्ताही लागत नाही. शिवलेल्या किंवा चिकटवलेल्या संचातलं पान काढलं तर खूण राहते. त्यामुळे अट नीट वाचा. 'हार्ड बाउंड' लिहिलं असेल तर हार्डच करा. तिथं दिसणं आणि पैसे वाचवणं हे दोन्ही विचार बाजूला ठेवा.

स्पायरल, वायरो आणि कोंब

आपल्याकडं सगळ्यात जास्त चालतं ते स्पायरल. दुकानदार दहा-पंधरा कागद घेतो, टेबलावर ठोकून कडा एका रेषेत आणतो, मशीनमध्ये घालून दांडा दाबतो, मग पुढची चळत. सगळी भोकं पडली की प्लॅस्टिकची कॉइल एका टोकानं फिरवत आत घालायची आणि दोन्ही टोकं पकडीनं वळवून तोडायची. हे होताना समोर उभे असाल तर दोनच गोष्टींवर लक्ष ठेवा. एक, कागद ठोकून सरळ केले आहेत ना. घाईत तिरकी चळत पंच झाली तर तेवढीच पानं बाहेर डोकावतात आणि सगळा संच वाकडा दिसतो. दोन, टोकं आतल्या बाजूला नीट वळवली आहेत ना. सरळ तोडलेलं टोक दप्तरातल्या दुसऱ्या कागदांना फाडतं आणि काही दिवसांत कॉइल आपोआप उलगडायला लागते.

कॉइलचा आकार कसा ठरवायचा, हे गणित सोपं आहे. ७५ जीएसएमचा, म्हणजे चौरस मीटरला ७५ ग्रॅम वजनाचा, कागद साधारण ०.१ मिलिमीटर जाड असतो. म्हणजे १०० कागदांची चळत साधारण १ सेंटिमीटर. इथं कागद मोजायचे, पानं नव्हेत. दोन्ही बाजूंनी छापलेली २०० पानं म्हणजे १०० कागद. त्यात पुढची पारदर्शक शीट आणि मागची जाड शीट मिळवा आणि कॉइल त्यापेक्षा तीन-चार मिलिमीटर मोठी घ्या. १२० कागदांना १६ मिलिमीटरची कॉइल बरी. नेमकी मापाची घेतली तर पानं उलटताना भोकांवर ताण येतो आणि पहिल्यांदा फाटतात ती पहिली आणि शेवटची पानं. फार मोठी घेतली तर संच ढिला पडतो आणि एकावर एक ठेवता येत नाही. कॉइल ५० मिलिमीटरपर्यंत मिळते, पण माझं मत विचाराल तर ३०० कागदांच्या पुढं एकाऐवजी दोन भाग करा. एवढा जाड स्पायरल हातात धरवत नाही.

स्पायरलचा मोठा गुण म्हणजे पान पूर्ण ३६० अंशांत मागं वळतं. साइटवर उभं राहून बघायचं इस्टिमेट, वर्कशॉपमध्ये मशीनशेजारी लागणारं मॅन्युअल, प्रशिक्षणाची पुस्तिका, या सगळ्यांसाठी यापेक्षा बरं काही नाही. प्लॅस्टिकची कॉइल दबली तरी परत जागेवर येते, त्यामुळे दप्तरातून, एसटीतून, कुरिअरच्या पोत्यातून ती सुखरूप पोचते.

पण एका जागी स्पायरल हमखास फसतं. कॉइल तिरकी चढत जाते, त्यामुळे उघडल्यावर डावं पान उजव्या पानापेक्षा दोन-तीन मिलिमीटर वर किंवा खाली बसतं. साध्या मजकुराला याचा त्रास नाही. पण ताळेबंद समोरासमोरच्या दोन पानांवर छापला असेल, एकीकडे भांडवल आणि देणी, दुसरीकडे मालमत्ता आणि येणी, तर रेघा जुळत नाहीत आणि डोळा एका ओळीतून दुसऱ्या ओळीत घसरतो. दोन पानांवर पसरलेला तक्ता किंवा नकाशा असेल तर वायरो घ्या. त्यात धातूच्या तारेचे दुहेरी वेढे असतात, प्रत्येक वेढा आपल्या भोकासमोर सरळ उभा असतो, म्हणून दोन्ही पानं एका रेषेत येतात. दिसायलाही तो नीटनेटका दिसतो. बँकेत कर्जाच्या प्रकरणासोबत द्यायचा प्रकल्प अहवाल, एखाद्या कंपनीला द्यायचा प्रस्ताव, यांना वायरो शोभतो. कुपवाड एमआयडीसीतल्या एखाद्या छोट्या कारखानदाराला अहवालाच्या चार-पाच प्रतीच हव्या असतात. एवढ्याशा प्रतींत वायरोचा जास्तीचा खर्च फार नसतो.

वायरोत दोन गोष्टी सांभाळायच्या. तार एकदा दबून चपटी झाली की झाली, ती स्प्रिंगसारखी परत येत नाही. म्हणून पार्सलमध्ये वर-खाली पुठ्ठा घालून पाठवा. आणि तार जिथं मिटते तो सांधा बाहेर दिसता कामा नये. जाणता बाइंडर तार घालताना मागचं कव्हर तात्पुरतं पुढं घेतो, तार दाबून मिटवतो आणि मग कव्हर फिरवून मागं नेतो. सांधा शेवटचं पान आणि मागचं कव्हर यांच्यामध्ये लपतो.

कोंब बाइंडिंग, म्हणजे चौकोनी भोकांत बसणारी प्लॅस्टिकची फणी, आता कमी दिसतं. ए-फोरला २१ दात असतात, मशीननं ते उघडून पानं घालता-काढता येतात. ज्या फायलीत दर महिन्याला पानं बदलायची त्याला ठीक. पण पान मागं पूर्ण वळत नाही, आणि जुनी झाली की दात तुटतात.

चिकटवून केलेलं

पुस्तकासारखा चौकोनी कणा हवा असेल तर परफेक्ट बाइंडिंग. यात पानांची शिवणीकडची कड मशीननं खरवडतात, तिथं गरम गोंद लावतात आणि कव्हर चिकटवतात. खरवडायचं कारण असं की गोंद गुळगुळीत कडेला धरत नाही, कागदाचे तंतू मोकळे झाले की त्यांच्यात शिरून धरतो. नेहमीचा गोंद ईव्हीए जातीचा. तो १६० ते १८० अंश सेल्सिअसला वितळवून लावतात आणि काही सेकंदांत घट्ट होतो. साध्या कागदाला तो उत्तम. पण आर्ट पेपरवर, म्हणजे गुळगुळीत लेप दिलेल्या कागदावर, त्याची पकड कच्ची राहते. फोटोंनी भरलेली स्मरणिका दोन-चार वेळा उघडल्यावर पानं हातात येतात, ती बहुधा यामुळे. अशा कामाला पीयूआर नावाचा गोंद असतो. तो कमी तापमानाला लावतात, हवेतल्या ओलाव्याशी त्याची क्रिया होते आणि साधारण २४ तासांत तो पक्का होतो. एकदा बसला की सुटत नाही. सगळ्या छापखान्यांत तो नसतो, पण आर्ट पेपरचं काम मोठं असेल तर छापखान्यात मुद्दाम विचारा.

परफेक्ट बाइंडिंगला कणा किमान तीन मिलिमीटर तरी भरला पाहिजे. त्याहून बारीक पुस्तिकेत गोंदाला धरायला जागाच नसते. आणि हे पुस्तक टेबलावर सपाट राहत नाही, जोरात दाबून सपाट केलं तर कणा तडकतो. म्हणून ज्यात वाचकानं लिहायचं आहे किंवा आकडे बघत बघत टाइप करायचं आहे, त्याला हे देऊ नका.

थर्मल बाइंडिंग याचंच ऑफिसमधलं रूप. कव्हरच्या कण्यात गोंदाची पट्टी आधीच असते, पानं आत ठेवून मशीनवर मिनिटभर तापवायचं. सी.ए. आणि सल्लागार मंडळींचे अहवाल यात छान दिसतात. फक्त पानं कव्हरमध्ये घातल्यावर कण्याकडून ठोकून खाली बसवावी लागतात. जे पान तळाशी टेकलं नाही, त्याला गोंद लागत नाही. आणि उन्हाळ्यात गाडीच्या डॅशबोर्डवर ती प्रत ठेवून जाऊ नका. गरम करून चिकटवलेला गोंद परत तापला की मऊ पडतो.

सेंटर पिन आणि ऑगस्टची घाई

सहकार हा आपल्या जिल्ह्याचा श्वास आहे. साखर कारखाने, पतसंस्था, सूतगिरण्या, दूध संघ, सोसायट्या, या सगळ्यांना महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम ७५ प्रमाणे आर्थिक वर्ष संपल्यापासून सहा महिन्यांत वार्षिक सभा घ्यावी लागते, म्हणजे ३० सप्टेंबरच्या आत. त्यामुळे ऑगस्टपासून छापखान्यांत वार्षिक अहवालांची रीघ लागते. सभासदांची संख्या हजारांत असते, अहवाल हलका हवा, स्वस्त हवा, टपालात जायला हवा. त्याला सेंटर पिनला पर्याय नाही. मोठा कागद मधोमध दुमडायचा, घडीवर तारेचे दोन टाके मारायचे, तीन बाजू कापायच्या, काम झालं.

पण या साध्या प्रकाराचेही नियम आहेत आणि ते मजकूर लिहिणाऱ्यालाच पाळावे लागतात. एक कागद दुमडला की चार पानं होतात, म्हणून एकूण पानं चारच्या पटीत हवीत. मजकूर ४५ पानांत संपला तर ४८ करावी लागतात. उरलेली तीन पानं छापखान्यानं जाहिरातीनं भरण्यापेक्षा आधीच ठरवा. अंदाजपत्रकाचा तक्ता थोडा मोठ्या अक्षरात द्या, ज्येष्ठ सभासद दुवा देतील.

दुसरं, पानं एकात एक बसतात तेव्हा आतली पानं बाहेरच्या पानांपेक्षा थोडी पुढं सरकतात. कापल्यावर आतली पानं प्रत्यक्षात अरुंद होतात. पानाचा क्रमांक किंवा तक्त्याची चौकट कडेला चिकटून असेल तर पहिल्या पानावर ती नीट दिसते आणि मधल्या पानावर कापली जाते. बाहेरच्या कडेला निदान एक सेंटिमीटर मोकळं ठेवा. साध्या कागदावर ६४ ते ८० पानांपर्यंत सेंटर पिन चालते. पुढं गेलं की पुस्तिका मिटत नाही, तोंड उघडं ठेवून बसते.

तिसरं कव्हरचं. गडद रंगाचं जाड कव्हर घडीवर पांढरं पडलेलं तुम्ही पाहिलं असेल. जाड कागद सरळ दुमडला की वरचा रंग फुटतो. दुमडण्याआधी क्रीझिंग, म्हणजे घडीच्या जागी दाबून रेघ, करून घेतलं तर हे टळतं. आणि कागदाचा ग्रेन घडीला समांतर हवा.

ग्रेन हा विषय इथं थोडा सविस्तर सांगतो, कारण बाइंडिंगमधल्या निम्म्या तक्रारींचं मूळ इथं असतं आणि ग्राहकाला तो कोणी सांगत नाही. कागद यंत्रावर तयार होताना त्याचे तंतू बहुतांश एकाच दिशेला झोपतात. त्या दिशेला ग्रेन म्हणतात. कागद ग्रेनच्या दिशेनं सहज वळतो, सरळ फाटतो आणि नीट दुमडतो. आडवा दुमडला तर कडक लागतो, घडी खडबडीत येते. शिवाय दमट हवेत तंतू जाडीनं फुगतात, लांबीनं जवळपास नाही. त्यामुळे कागद ग्रेनच्या आडव्या दिशेनं वाढतो. ग्रेन कण्याला समांतर असेल तर पान बाहेरच्या मोकळ्या कडेकडे वाढतं आणि काही बिघडत नाही. ग्रेन कण्याला आडवा असेल तर पान वर-खाली वाढायला बघतं, पण कण्याजवळ ते गोंदानं बांधलेलं असतं. मग त्याला लाटा पडतात. पावसाळ्यात छापलेल्या अहवालाची पानं शिवणीजवळ चुणी पडल्यासारखी दिसतात, ती यामुळे.

तपासायला यंत्र लागत नाही. एक कागद घ्या, मधोमध न दुमडता नुसता वळवून हातानं हलकं दाबा; मग ९० अंशांत फिरवून तसंच करा. ज्या बाजूनं कमी विरोध झाला, वळणाची रेघ ज्या दिशेला होती, ती ग्रेनची दिशा. बाजारातला ए-फोर कागद बहुतेक लांबीच्या दिशेनं ग्रेनचा असतो, म्हणून डावीकडे शिवलेला उभा ए-फोर अहवाल आपोआप बरोबर बसतो. पण तसाच लांब ग्रेनचा ए-थ्री कागद घेऊन मधोमध दुमडून ए-फोर पुस्तिका केली, की ग्रेन घडीला आडवा येतो. छापखान्याला 'ग्रेन घडीला समांतर घ्या' एवढं एक वाक्य सांगितलं की समोरचा ओळखतो, हे गिऱ्हाईक कामाला पक्कं आहे.

ब्लॅक बुक

इंजिनिअरिंगचा प्रकल्प अहवाल असो की शिवाजी विद्यापीठाला सादर करायचा पीएच.डी.चा प्रबंध, काळं रेक्झिन आणि सोनेरी अक्षरं हे चित्र मुलांच्या डोक्यात पक्कं असतं. या हार्ड बाइंडिंगच्या आत काय असतं ते मात्र फार थोड्यांना माहीत असतं.

छापलेलं पुस्तक फर्म्यांचं असतं. दुमडलेल्या कागदांचे जुडगे, त्यांच्या घडीतून दोरा घालून केलेली जुजबंदी. असं पुस्तक पूर्ण उघडतं आणि पन्नास-साठ वर्षं सहज टिकतं. प्रबंध मात्र सुट्या ए-फोर कागदांचा. त्याला घडीच नाही, तर दोरा कशातून घालणार? म्हणून बाइंडर कडेपासून सेंटिमीटरभर आत भोकं पाडून आरपार शिवतो. मग कण्याला गोंद, दोन्ही बाजूंना पुठ्ठा, वरून रेक्झिन, आणि पुठ्ठ्याला आतून कोरा कागद चिकटवून सगळं झाकून टाकायचं. आरपार शिवल्यामुळे पकड जबरदस्त असते, पण तेवढी जागा कायमची बंद होते आणि पान तिथून पुढंच वळतं. डावीकडे दीड इंच मार्जिन सोडायला सांगतात ते याच कारणानं. गाईडनं सांगितलं म्हणून सोडता, पण आता कारणही लक्षात ठेवा, म्हणजे आकृती आणि तक्ते घालतानाही ते पाळाल. मजकुराला मार्जिन असतं आणि एक्सेलमधून काढलेला आडवा तक्ता मात्र कडेपर्यंत गेलेला असतो, असं फार वेळा दिसतं. आडव्या तक्त्याचा माथा शिवणीकडे येतो. म्हणून त्याला दीड इंच वरून सोडायचं.

अक्षरांबद्दल एक सूचना. सोनेरी फॉइल गरम करून दाबली जाते, त्याला धातूचे खिळे लागतात. इंग्रजी खिळे बाइंडरकडे असतात. शीर्षक मराठीत असेल आणि देवनागरी खिळे नसतील तर ब्लॉक करून घ्यावा लागतो. मराठी विषयाच्या विद्यार्थ्यांनी हे आधीच विचारून ठेवावं. आणि कण्यावर नाव, वर्ष अवश्य टाका. ग्रंथालयात प्रबंध उभा ठेवतात, तिथं बाहेर दिसतो तो फक्त कणा.

नकाशे आणि ड्रॉइंग असतील तर आणखी एक काम. ए-थ्री कागद दुमडून आत घालताना घडीची बाजू शिवणीत जाता कामा नये, नाहीतर तो उघडतच नाही. उजवा भाग आत दुमडायचा आणि परत बाहेर वळवायचा, अशी झेड घडी. आणि घडी घातल्यावरही तो कागद बाकीच्या पानांपेक्षा पाच-दहा मिलिमीटर आतच राहिला पाहिजे, म्हणजे कटिंगमध्ये कापला जाणार नाही. दुमडलेले नकाशे दहा-पंधरा असतील तर अहवाल बाहेरच्या बाजूला फुगतो आणि कण्याकडे बारीक राहतो. यावर उपाय म्हणून बाइंडर कण्यात त्याच जाडीच्या कागदी पट्ट्या घालतो. सिंचनाचे आणि रस्त्यांचे प्रकल्प अहवाल करणाऱ्यांनी हे मागून घ्यावं.

पाणी

सांगलीत कागदपत्रांबद्दल लिहायचं आणि कृष्णेचा विषय टाळायचा, हे होणार नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये आयर्विन पुलाजवळ पाण्याची पातळी ५७ फुटांच्या पुढं गेली. २००५ आणि २०२१ चे पूरही आपण पाहिले. घरं, दुकानं, कार्यालयं यांतले दस्त दिवसेंदिवस पाण्यात राहिले. तेव्हा कोणतं बाइंडिंग काय करतं, हे इथं सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलेलं आहे.

टॅगच्या फाईलची पानं सुटी करून वाळवता येतात. स्पायरलची कॉइल फिरवून काढता येते, ओल्या पानांमध्ये कोरे कागद घालून ती सावलीत पंख्याखाली सुकवता येतात. प्लॅस्टिकला पाण्यानं काही होत नाही. लेसर प्रिंटची अक्षरं पाण्यात पसरत नाहीत, साध्या इंकजेटची बहुधा पसरतात, तेव्हा महत्त्वाच्या प्रती लेसरवरच काढा. सेंटर पिनच्या तारा गंजतात आणि तांबडे डाग शेजारच्या पानांवर उतरतात. आर्ट पेपरचं सगळ्यात वाईट: ओला होऊन तसाच वाळला की लेप एकमेकांना चिकटतो आणि पानांची वीट होते, ती नंतर सुटत नाही. असा कागद ओला असतानाच पान-पान वेगळं करावं लागतं. हार्ड बाइंडिंगचा पुठ्ठा पाणी पिऊन फुगतो, वाकतो आणि पानांनाही सोबत ओढतो. तो कापून टाकला तर आतली शिवण बऱ्याचदा शाबूत सापडते, आणि नवा पुठ्ठा चढवता येतो.

पूर नसला तरी पावसाळा आहेच, आणि कसर आहे. मैद्याची खळ कसरीला आवडते, म्हणून जुने बाइंडर खळीत मोरचूद घालत. आज फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद जास्त वापरतात. पण कोणी खळ वापरत असेल तर त्यात मोरचूद आहे का, हे विचारायला हरकत नाही. महत्त्वाचे दस्त जमिनीलगतच्या कपाटात, भिंतीला टेकवून ठेवू नका. कायम जपायचं काही असेल तर त्याची एक प्रत न बांधता, सुटी, चांगल्या पाकिटात ठेवा आणि स्कॅन करून दुसऱ्या गावी असलेल्या कोणाकडे तरी द्या.

आता वेळेचं. स्पायरल, वायरो आणि थर्मल उभ्या उभ्या होतात. सेंटर पिन आणि परफेक्ट बाइंडिंग छापखान्याच्या वेळापत्रकावर अवलंबून. हार्ड बाइंडिंगला मात्र घाई चालत नाही. पुठ्ठा चिकटवल्यावर तो प्रेसमध्ये दाबून निदान एक रात्र राहायला हवा, कारण आतला ओलावा निघून जाईपर्यंत पुठ्ठा वाकण्याच्या बेतात असतो. पावसाळ्यात दीड-दोन दिवसही लागतात. संध्याकाळी दिलेला प्रबंध बाइंडरनं तुमच्या आग्रहाखातर सकाळी हातात ठेवला, तर दुपारपर्यंत त्याचे दोन्ही पुठ्ठे बाहेर वळलेले दिसतात. सबमिशनच्या तारखेआधी बाइंडरला तीन दिवस द्या, आणि प्रत आणल्यावर ती उभी न ठेवता एक दिवस आडवी, वर चार जाड पुस्तकं ठेवून, दाबून ठेवा.